आपल्या इमारतींचा नवकम्मिक कोण?

धम्मदीक्षेनंतरच्या पिढ्यांनी पुष्कळ बांधले. विहारे, वसतिगृहे, वाचनालये आणि आपल्या संस्थेसारख्या निवासी शाळा गावोगावी उभ्या राहिल्या, त्या बहुतांशी वर्गणीतून. शेतमजूर उपासिकेने एका दिवसाची मजुरी दिली, कारकुनाने महिन्याचा पगार दिला. अशा पैशातून उभ्या राहिलेल्या वास्तूचा स्लॅब काही पावसाळ्यांतच ठिबकू लागतो, भिंतीला तिरकी भेग जाते, तेव्हा एकच उत्तर ऐकू येते : "पैसा कमी होता." हे उत्तर अर्धेच खरे आहे, असे आमचे मत आहे. पैसा कमी होता हे खरे. पण असलेला पैसा कोठे गेला आणि काम चालू असताना तेथे कोण उभे होते, हे प्रश्न आपण विचारत नाही.

विनयपिटकातील चुल्लवग्गात वैशालीच्या एका गरीब शिंप्याची हकिकत आहे. लोक संघासाठी आस्थेने बांधकाम करतात हे पाहून आपणही काही बांधावे, असे त्याला वाटले. त्याने स्वतः चिखल मळला, विटा रचल्या, भिंत उभारली. हाताला सराव नव्हता. भिंत वाकडी रचली गेली आणि कोसळली. दुसऱ्यांदा कोसळली, तिसऱ्यांदाही कोसळली. तेव्हा तो संतापून म्हणू लागला, की जे चीवर आणि भोजन देतात त्यांच्या बांधकामावर हे श्रमण देखरेख करतात. मी गरीब, मला सांगणारे कोणी नाही. ही गोष्ट तथागतांच्या कानी गेली. त्यांनी शिंप्याला दोष दिला नाही. नवे बांधकाम एका भिक्खूकडे सोपवावे, विहार लवकर पुरा व्हावा यासाठी त्याने झटावे आणि मोडकेतोडके दुरुस्त करवून घ्यावे, असा नियम त्यांनी घालून दिला. या कामास नवकम्म म्हणत आणि ते पाहणाऱ्यास नवकम्मिक. हे पद केवळ ग्रंथात राहिले नाही. भारहूतच्या स्तूपावरील एका दानलेखात इसिपालित हा भाणक भिक्खू स्वतःची ओळख नवकम्मिक अशी करून देतो. अमरावतीच्या लेखांतही हे पद आढळते.

शिंप्याची अडचण दारिद्र्याची होती, हे उघड आहे. तरीही त्यावरचा उपाय देणगीचा नव्हता; जाणकाराच्या देखरेखीचा होता. आपल्याकडे नेमके हेच राहून जाते. बांधकाम समितीत अध्यक्ष, कोषाध्यक्ष, स्वागताध्यक्ष असे सारे असतात. स्लॅब पडत असताना गोणीत किती पाणी ओतले जाते, हे पाहणारा मात्र कोणी नसतो.

आणि सारे काही त्या पाण्यातच असते. सिमेंटच्या 50 किलोच्या एका गोणीला वाळूतील ओलावा धरून साधारण 25 ते 27 लिटर पाणी पुरेसे असते. त्याहून अधिक ओतले की माल पातळ होतो, पसरायला सोपा जातो, मजुरांचा वेळ वाचतो आणि काँक्रीट कायमचे कमकुवत होते. वाढलेल्या पाण्याचे बिल येत नाही, म्हणून त्याची चोरी कोणाला दिसत नाही. उलट, स्लॅब पडल्यानंतर जे पाणी मारायला हवे ते मारले जात नाही. भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटच्या कामावर किमान 7 दिवस, तर राख मिसळलेल्या सिमेंटच्या, म्हणजे आज दुकानात सर्रास मिळणाऱ्या सिमेंटच्या कामावर किमान 10 दिवस ओलावा टिकवला पाहिजे. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवणे, खांबांना ओले गोणपाट गुंडाळणे, एवढेच ते काम. त्याला पैसा जवळजवळ लागत नाही, माणूस लागतो.

येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. आपली अनेक बांधकामे 14 एप्रिलच्या मुहूर्तावर धावत असतात. ('मुहूर्त' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे.) पाहुण्यांची तारीख आधी ठरते, पत्रिका छापल्या जातात आणि मार्चच्या अखेरीस, मराठवाडा-विदर्भातील उन्हात, विहिरी आटलेल्या असताना स्लॅब टाकला जातो. टँकरचे पाणी पिण्यालाच पुरत नाही, ते स्लॅबला कोठून मिळणार? सेंटरिंगही मुदतीआधी काढले जाते, कारण खाली मंडप घालायचा असतो. बाबासाहेबांच्या जयंतीला वाहिलेली इमारत जयंतीच्याच घाईने कच्ची राहावी, हे आम्हांला सहन होत नाही. स्लॅबचे काम दिवाळीनंतर, विहिरींना पाणी असताना उरकावे. उद्घाटन इमारत तयार झाल्यावर ठरवावे.

बचत करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. बचत नकाशावर करावी, कामावर करू नये. आठ खोल्या अर्ध्यामुर्ध्या बांधण्यापेक्षा तीन पुऱ्या बांधाव्यात. प्रवेशाची भव्य कमान, दर्शनी ग्रॅनाइट, छताखालचे नक्षीकाम हे सारे थांबू शकते. पाया थांबू शकत नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यातून खाली मुरूम किंवा कठीण थर लागेपर्यंत गेल्याशिवाय पाया भरणे म्हणजे भेगेला निमंत्रण देणे. केरळात लॉरी बेकर यांनी आयुष्यभर दाखवून दिले, की स्वस्त आणि निकृष्ट हे समानार्थी शब्द नाहीत. विटा उभ्या कडेवर रचून मध्ये पोकळी ठेवण्याची त्यांची पद्धत विटांची सुमारे चौथाई बचत करते, भिंतही थंड राहते. मात्र तिला कसबी गवंडी लागतो. पुन्हा माणसापाशीच आपण येतो.

आणि माणसे तर आपल्याकडेच आहेत. या शाळेत शिकलेल्या मुलांचे किती पालक मजूर अड्ड्यावर उभे राहतात, सेंटरिंगच्या फळ्या ठोकतात, सळई बांधतात! दुसऱ्यांचे बंगले त्यांनी उभे केले. माजी विद्यार्थ्यांत आज स्थापत्य अभियंते आहेत. वर्धापनदिनी त्यांना आपण व्यासपीठावर बसवतो, शाल देतो. पायाची खोदाई पाहायला बोलावत नाही. कार्ले येथील चैत्यगृहात दाराचे काम करणाऱ्या धेनुकाकटच्या सामी या सुताराचे नाव कोरलेले आहे. आपल्या कोनशिलांवर गवंड्याचे नाव आम्ही अद्याप वाचलेले नाही.

ठेकेदार आपल्या समाजाचा असला की हिशेब विचारणे कमीपणाचे वाटते, आणि बाहेरचा असला की सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करून आपण मोकळे होतो. दोन्ही वृत्ती सारख्याच घातक आहेत. अंदाजपत्रकापेक्षा खूप खालच्या दराने काम घेणारा माणूस तो फरक स्वतःच्या खिशातून भरत नाही. सिमेंटमधून आणि सळईतून भरून काढतो. म्हणून बिलाचा काही भाग एक पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवावा आणि ही अट करारात आधीच लिहावी. आपला माणूस असेल तर त्याला ही अट जाचक वाटू नये.

निवासी शाळेबाबत ही चर्चा अधिक गंभीर होते, कारण येथे मुले रात्री झोपतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसे गेली.

देखभालीचा खर्च तर आपण अंदाजपत्रकात धरतच नाही. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात 3000 कार्षापणे विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे; मुद्दल मोडायचे नाही, व्याजातून तेथे राहणाऱ्या भिक्खूंची गरज भागवायची. देणगीचा एक हिस्सा याच रीतीने बँकेत ठेवला, तर दर उन्हाळ्यात गच्चीची डागडुजी आणि पन्हाळींची सफाई करण्यासाठी पुन्हा पावतीपुस्तक छापावे लागणार नाही.

संस्थेच्या पुढील बांधकामासाठी आमची मागणी लहान आहे. एक अभियंता माजी विद्यार्थी, एक गवंडी पालक आणि एक शिक्षक अशा तिघांना नवकम्मिक म्हणून नेमावे. आलेल्या गोण्या, पाण्याचे माप, पाणी मारल्याचे दिवस, सळईची तपासणी यांची रोजची नोंदवही त्यांनी ठेवावी, आणि स्लॅब टाकण्याचा दिवस तिघांच्या सह्यांशिवाय ठरू नये. ती वही ग्रंथालयात ठेवावी, म्हणजे दहा रुपये देणाऱ्या उपासिकेलाही ती उघडून पाहता येईल.