संकेतस्थळाची गती आणि शोधयंत्रातील स्थान

शाखेतील रांग लांबली की ती व्यवस्थापकाच्या तत्काळ नजरेस येते. संकेतस्थळाच्या दारात ताटकळणारा ग्राहक मात्र कोणालाच दिसत नाही. तो तक्रार न करता मागे फिरतो आणि शोधयंत्राने दाखविलेल्या पुढच्या दुव्याकडे वळतो.

या प्रतीक्षेची दखल शोधयंत्रे घेऊ लागली, त्यास आता बराच काळ लोटला. संकेतस्थळाची गती हा क्रमवारीचा एक निकष राहील, असे गूगलने एप्रिल २०१० मध्ये जाहीर केले. जुलै २०१८ पासून तो मोबाइलवरील शोधासही लागू झाला. पानातील मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, बोटाच्या स्पर्शाला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि वाचता वाचता मजकूर जागचा हलू नये, अशी आजची अपेक्षा आहे. अर्थात, गतीचे महत्त्व फुगवून सांगणाऱ्यांपासून सावध राहिलेले बरे. उपयुक्त मजकूर नसलेले पान केवळ वेगाच्या बळावर वर चढत नाही. तुल्यबळ पानांमध्ये मात्र हा निकष पारडे झुकवू शकतो.

खरी मेख आहे ती मोजणीच्या जागेत. ही मोजणी क्रोम वापरणाऱ्या प्रत्यक्ष ग्राहकांच्या यंत्रांवर होते आणि किमान पाऊण भेटींत अनुभव चांगला असावा लागतो. बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमधील कचेरीत, वेगवान जोडणीवर क्षणार्धात उघडणारे पान निपाणीतील जुन्या मोबाइलवर रखडत असेल, तर कचेरीतील समाधान व्यर्थ होय.

बेंगळुरूच्याच उद्योगांनी हा धडा गिरविला आहे. २०१५ मध्ये फ्लिपकार्टने मोबाइल संकेतस्थळ बाजूला सारून सारा भर अ‍ॅपवर दिला. परंतु त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कमी डेटात चालणारे 'फ्लिपकार्ट लाइट' आणून ती कंपनी पुन्हा संकेतस्थळाकडे वळली. बसची तिकिटे विकणाऱ्या रेडबसचा अनुभव अधिक बोलका आहे. स्पर्शानंतर मिळणारा प्रतिसाद जलद केल्यावर विक्री ७ टक्क्यांनी वाढल्याचे त्या कंपनीने सांगितले. दिवाळीला बेळगाव-कोल्हापूरकडे निघालेल्या प्रवाशास क्रमवारीचे गणित ठाऊक नसते. त्याला आसन मिळाल्याशी मतलब.

बँकेच्या बाबतीत प्रश्न केवळ विक्रीचा नाही. शोधयंत्रावर ग्राहक सेवेचा क्रमांक शोधताना भामट्यांच्या क्रमांकाला बळी पडण्याचा धोका रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या 'बी(अ)वेअर' पुस्तिकेत दाखवून दिला आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर स्थलांतर करावे, हा आदेशही फसवणूक रोखण्यासाठीच होता. अशा स्थलांतरात जुन्या पत्त्यावर आलेला ग्राहक एका टप्प्यात नव्या पत्त्यावर पोहोचला पाहिजे. दोन-तीन वळसे घालावे लागले, तर प्रत्येक वळशागणिक विलंब वाढतो. ग्राहकानेही ध्यानी घ्यावे की भामट्याचे पानदेखील झटकन उघडू शकते. म्हणून पत्ता तपासणे सुटत नाही.

तेव्हा मुखपृष्ठावरील सरकती छायाचित्रे, सणासुदीच्या कर्जयोजनांचे अवजड फलक आणि उद्घाटनांचे सोहळे यांना कात्री लावण्यास संकोच नसावा. हरवलेले कार्ड बंद करण्याचा क्रमांक त्या साऱ्याच्या आधी उघडला पाहिजे.