पेटीत काय आहे ते खरं लिहा!

2025 च्या मे-जूनमध्ये केरळच्या समुद्रात पंधरा दिवसांत दोन मालवाहू जहाजांना अपघात झाला. 25 मे रोजी 'एमएससी एल्सा 3' कोचीजवळ बुडालं. त्यावरचे 24 च्या 24 जण वाचले. 9 जूनला कोलंबोहून आपल्या न्हावा शेवाकडे निघालेलं 'वान हाय 503' पेटलं. 22 पैकी 18 जणांना वाचवता आलं, 4 बेपत्ता झाले. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी मुस्लिम घरांतली मुलं आज जहाजावर नोकरीला आहेत. त्यामुळे ही बातमी फक्त केरळची नाही.

एल्सावर सहाशेहून जास्त कंटेनर होते. तटरक्षक दलाच्या माहितीनुसार त्यातल्या 13 मध्ये धोकादायक माल होता आणि 12 मध्ये तर कॅल्शियम कार्बाइड. याला पाणी लागलं की असिटिलीन हा भडकणारा वायू निघतो.

असा माल नेण्याचे नियम नाहीत असं नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची 'आयएमडीजी संहिता' 1965 पासून आहे, 2004 पासून ती बंधनकारक आहे. स्फोटकं, वायू, पेट घेणारे द्रव, विषारी पदार्थ असे 9 वर्ग तिने पाडलेत. पॅकिंग कसं हवं, कंटेनरवर खूण कोणती, कोणता माल कशापासून लांब ठेवायचा, सगळं ठरलेलं आहे. ते का लागतं, हे मुंबईने 14 एप्रिल 1944 ला पाहिलंय. 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर स्फोटकं आणि कापसाच्या गाठी एकत्र होत्या. आग लागली आणि गोदीसह आजूबाजूची वस्ती उद्ध्वस्त झाली.

मग अडतं कुठे? कागदावर. कप्तान प्रत्येक कंटेनर उघडून बघत नाही. पाठवणारा जे लिहून देतो, त्यावरच मालाची जागा ठरते. या दोन जहाजांवर कुणी खोटं लिहिलं, असं आमचं म्हणणं नाही. पण भाडं वाचवायला किंवा कटकट टाळायला चुकीचं नाव लिहिलं, तर धोक्याचा माल नको त्या जागी जातो. आग लागल्यावर पाणी मारायचं की नाही, हेही खलाशाला कळत नाही.

म्हणून बंदरात अचानक तपासणी वाढवा आणि खोटी माहिती देणाऱ्याला शिक्षा करा, ही आमची सरकारकडे मागणी आहे. जहाज अडचणीत आलं की मालाची यादी त्याच दिवशी मच्छिमारांपर्यंत पोचली पाहिजे.

आणि आपलं काय? आखातातून आपले भाऊ घरी कार्गोच्या पेट्या पाठवतात. त्यात अल्कोहोलचं सेंट, स्प्रे, पॉवर बँक असतात. हा सगळा माल या 9 वर्गांतच येतो. 'घरगुती सामान' एवढंच लिहून मोकळं होऊ नका. त्या जहाजावर कुणाचा तरी मुलगा ड्युटीवर असतो.