पाठ केलेला स्वभाव टिकत नाही

छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. सैन्यदलांच्या अधिकारीपदांवर मराठी मुलं फार कमी दिसतात, म्हणून राज्य सरकारनं ती १९७७ मध्ये सुरू केली. दहावीनंतर निवडलेली मुलं अकरावी-बारावीची दोन वर्षं तिथं राहून एनडीएच्या लेखी परीक्षेची आणि पुढच्या एसएसबी, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या, मुलाखतीची तयारी करतात. ही ‘दोन वर्षं’ मला फार महत्त्वाची वाटतात. कारण आज वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांतल्या नोकरीसाठी असो की सरकारी भरतीसाठी, बुद्धिमत्ता चाचणी आणि व्यक्तिमत्त्व चाचणी यांची तयारी आपण एकाच मापानं करतो: शेवटचे पंधरा दिवस, प्रश्नसंच आणि पाठांतर. या दोन चाचण्यांची जातकुळी वेगळी आहे, आणि ते न ओळखल्यानं नुकसान मुलांचंच होतं.

बुद्धिमत्ता चाचणीला सराव हवाच. २००७ मध्ये पन्नास जुन्या अभ्यासांची एकत्र छाननी प्रसिद्ध झाली. सव्वा लाखाहून अधिक परीक्षार्थींच्या त्या माहितीतून दिसलं, की तशीच चाचणी पुन्हा देणाऱ्याचे गुण वाढतात. वाढ साधारण एवढी, की शंभरात पन्नासाव्या जागी असलेला उमेदवार चाळिसाव्या जागेपर्यंत येईल. शिकवणीची जोड मिळाली तर त्याहून जास्त. यावर कुणी म्हणेल, की सरावानं गुण वाढत असतील तर चाचणी बुद्धी मोजतच नाही आणि सराव ही लबाडी ठरते. मला हे पटत नाही. आकृत्यांची मालिका जन्मात पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाची अर्धी मिनिटं प्रश्न काय विचारतोय हे कळण्यातच जातात. त्याचे गुण त्याच्या खऱ्या कुवतीपेक्षा कमी पडतात. सराव हा तोटा भरून काढतो. अन्याय होतो तो सराव काहींनाच परवडतो म्हणून. यूपीएससीनं २०११ मध्ये पूर्वपरीक्षेत ‘सीसॅट’ ही कल चाचणी आणली, तेव्हा ग्रामीण आणि कला शाखेच्या मुलांची तक्रार हीच होती. आंदोलनं झाली आणि २०१५ पासून तो पेपर केवळ ३३ टक्के गुणांनी पात्र होण्यापुरता उरला.

व्यक्तिमत्त्व चाचणीचं तसं नाही. एसएसबीत पडद्यावर एक शब्द येतो. पंधरा सेकंदांत तो वाचून, मनात पहिलं येईल ते वाक्य लिहायचं, की पुढचा शब्द हजर. असे साठ शब्द. त्यानंतर अर्ध्या तासात साठ प्रसंग: अमुक घडलं, तुम्ही काय कराल? बाजारात या साऱ्याची तयार उत्तरं मिळतात. ‘भीती’ आलं की धैर्याचं वाक्य, गोष्ट लिहिण्यासाठी चित्र दिसलं की गावात रक्तदान शिबिर घेणारा नायक. पण एसएसबीत मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारे अधिकारी आणि मैदानावरच्या गटचाचण्या घेणारे अधिकारी उमेदवाराला वेगवेगळं पारखतात आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसतात. आपल्याकडे ज्याला काया-वाचा-मने म्हणतात, त्याचीच ही पडताळणी. कागदावर गाव एकत्र करणारा मुलगा मैदानात फळी उचलताना सोबत्याचं ऐकूनच घेत नसेल, तर ती विसंगती लपत नाही.

‘क्लासची मुलं निवडली जातात की,’ हा आक्षेप नेहमीचा. जातात, पण त्यातली किती क्लासविनाही निवडली गेली असती, हे जाहिरात सांगत नाही. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: ‘जसे आहात तसे राहा’ हे सांगणं ज्याचं पोट भरलेलं आहे त्याला सोपं, कन्नड-पैठण तालुक्यांतल्या मुलाला ही कदाचित एकच संधी असते. म्हणूनच त्याला चाचणीत काय होतं, वेळ किती मिळतो, आपल्याला काय वाटतं ते घाबरून न जाता कसं मांडायचं, हे आधी कळलंच पाहिजे. उत्तरं मात्र त्याची स्वतःची हवीत, आणि ती जगण्यातून येतात. गणेश मंडळाचा हिशेब सांभाळलेल्या, संघ हरल्यावरही खेळाडूंना धरून ठेवलेल्या मुलाला पंधरा सेकंद पुरतात. सिडकोतल्या संस्थेत दोन वर्षं मिळतात, ती एवढ्यासाठीच मोलाची. तिथल्या जागा मोजक्या आहेत; मुलींसाठी आता नाशिकला तशीच संस्था आहे, तीही सैन्यापुरती. शहरातली अभियांत्रिकी महाविद्यालयं, आयटीआय आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी पहिल्या वर्षापासून दर महिन्याला घड्याळ लावून एक मोफत सराव पेपर घ्यावा, चुका त्याच दिवशी समजावून द्याव्यात. आणि स्नेहसंमेलन, एनसीसी, एनएसएस, क्रीडास्पर्धा यांची खरी जबाबदारी, पैशांसकट, विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी. प्लेसमेंट सेलला अंतिम वर्षाच्या आधी जाग येत नाही, एवढीच यातली अडचण आहे.