नदीची खतावणी

सायंकाळी रोजमेळ जुळल्याखेरीज दुकानाचे दार लावू नये, ही शिकवण आपणां बहुतेकांस वाडवडिलांकडून मिळाली आहे. मात्र ज्या नद्यांवर आपल्या भागातील ऊस पिकतो, आणि ज्यांच्या पुराने गावोगावचा साठवलेला माल भिजतो, त्यांच्या हिशेबाविषयी आपण उदासीन आहोत.

वेदगंगा व दूधगंगा यांवरील पाटगाव आणि काळम्मावाडी ही धरणे महाराष्ट्रात, तर निपाणीचा परिसर खाली कर्नाटकात. पाऊस एका राज्याच्या वहीत जमा होतो आणि पूर दुसऱ्या राज्यातील बाजारपेठेच्या नावे पडतो. ऑगस्ट २०१९ मध्ये व पुन्हा जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी चढून पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, हे आपण विसरलेलो नाही.

दोन पेढ्यांचा व्यवहार असला की त्या आपापल्या वह्या ताडून पाहतात. नद्यांसाठी हे काम करणारा कारकून म्हणजे संगणक. १९९५ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या जलविज्ञान प्रकल्पात ही दोन्ही राज्ये होती; पाऊस, नदीपातळी व भूजल यांच्या कागदी नोंदी तेव्हापासून संगणकात उतरू लागल्या. पुढे कृष्णा खोऱ्यात स्वयंचलित मापके बसली. २०१६ मध्ये राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्प मंजूर झाला. घाटात पडलेल्या पावसाचा आकडा आता कचेरीत तत्काळ पोहोचू शकतो. पाणी मात्र खाली येण्यास काही तास घेते. माल हलविण्यास ते तास हेच आपले भांडवल.

तथापि कारकून कितीही चपळ असला, तरी मूळ नोंद चुकली तर सुबक वहीही खोटीच. शिवाय पातळी अमुक मीटर झाली, एवढ्याने वखारवाल्यास काय बोध होणार? पाणी आपल्या कोणत्या पायरीला लागेल, हे त्याला कळावयास हवे.

हे काम सरकारचे, आपले नव्हे, असे काही सभासद म्हणतील. मापके बसविणे सरकारचेच काम; पण पायरीची खूण आपल्यावाचून कोण सांगणार? म्हणून मंडळाने दोन गोष्टी कराव्यात. पूरप्रवण वखारींच्या भिंतींवरील पुराच्या खुणा वर्षासह मोजून पाटबंधारे खात्याकडे सुपूर्त कराव्यात. आणि पावसाळ्यात धरणसाठा, विसर्ग व नदीपातळी यांचे आकडे रोज सकाळी मराठीत व कानडीत बाजारातील फलकावर लिहावेत. खर्च खडूचा आहे. न केल्यास होणारी हानी प्रत्येकाने आपल्या खतावणीत पाहावी.