सगळी दाने सारखी नसतात

दहावीच्या गणित भाग 1 मधले पाचवे प्रकरण संभाव्यतेचे. फासा टाकला, सहा निष्पत्ती, उत्तर 1/6. एवढे जमले की धडा आला असे मुलांना वाटते. 'समसंभाव्य निष्पत्ती' ही व्याख्या पाठ होते, पण सगळे गणित तिच्यावर उभे आहे हे लक्षात येत नाही. गणित शिकवणाऱ्यांनी या वर्षी तिथे जरा थांबावे, अशी आमची विनंती आहे.

त्यासाठी फाशापासून सुरुवात नको. त्याच्या सहाही बाजू इतक्या सारख्या दिसतात की मुलांना शंकाच येत नाही. बालाघाटावरच्या नेकनूरसारख्या बाजाराच्या गावात याहून चांगले साधन फुकट मिळते, ते म्हणजे चिंचोका. चल्लस-आठ खेळलेल्या कुठल्याही आजीला विचारा. चिंचोके फोडून केलेल्या चार फाका टाकायच्या. जितक्या पांढऱ्या पडतील तितके दान, आणि चारही काळ्या पडल्या तर आठ. म्हणजे दाने पाच. मग आठ पडण्याची संभाव्यता 1/5 का? बहुतेक मुले हो म्हणतील. आता फाकांवर अ, ब, क, ड लिहून सगळे प्रकार वहीत मांडायला सांगा. ते सोळा निघतात. दोनाचे दान सहा प्रकारे पडते, एक आणि तीन प्रत्येकी चार प्रकारे, चार आणि आठ मात्र एकेकाच प्रकारे.

इथे चुकणाऱ्या मुलावर रागावू नये. फ्रेंच गणिती दालांबेर यांनी 1754 मध्ये ज्ञानकोशात हेच केले. दोन फेकींत निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता त्यांनी 3/4 ऐवजी 2/3 धरली. पहिल्याच फेकीत छापा आला की खेळ संपला, म्हणून त्यांनी तीनच शक्यता मोजल्या आणि त्या सारख्या मानल्या.

आणि ते सोळा प्रकार तरी सारखे कशावरून? फाकेचे एक अंग सपाट, दुसरे फुगीर. हे सूत्राने सुटत नाही. एकच फाक शंभरदा टाकून मोजावी लागते.

चक्रीचेही तसेच. पुठ्ठ्याची चकती अर्धी लाल करा, उरलेल्या अर्ध्यात निळा आणि पिवळा सारखे वाटून द्या. 'तीन रंग, म्हणून 1/3' म्हणणारी मुलगी बाण फिरवू लागली की लाल सारखा येत राहतो, आणि ती आपणहून कोनमापक काढते.

एक गोष्ट मात्र फार खटकते. फासा साठदा टाकायला सांगितला की प्रत्येक अंक नेमका दहादा आल्याची नोंद करून मुले वही दाखवतात आणि आपण बरोबरची खूण करतो. खरा फासा असा क्वचितच पडतो. सहा तेरादा, दोन सातदा, अशी ओबडधोबड नोंदच वहीत राहू द्या. सगळ्या वर्गाची बेरीज फळ्यावर मांडली की प्रमाण 1/6 च्या जवळ सरकताना मुलांना स्वतःला दिसते.

फाकांच्या नोंदी आमच्याकडे पाठवा: गाव, एकूण फेकी, पांढऱ्या किती. फाक नुसती फोडलेली होती की दगडावर घासलेली, हेही लिहा. पुढच्या अंकात त्यांची सारणी छापू.