धावपट्टीला धरून राहा!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. आमचा नातू अमेरिकेत विमान चालवायला शिकतोय. सेसना १७२, चार आसनांचं, एका इंजिनाचं. उतरण्याआधी धावपट्टीभोवती चौकोनी फेरा मारतात (आपल्याकडे सर्किट म्हणतात, तिकडे पॅटर्न). त्याचे शिक्षक म्हणतात, फेरा ऐसपैस घे, दीड सागरी मैल लांबून, म्हणजे घाई होत नाही. मला हे साफ नामंजूर आहे. ही मोठ्या जेटची नक्कल झाली.

मी विमान चालवलेलं नाही, पण गणित शिकवण्यात जन्म गेला. फेऱ्याची उंची साधारण १००० फूट, म्हणजे ३०५ मीटर. इंजिन बंद पडलं तर हे विमान उंचीच्या सुमारे नऊपट अंतर तरंगत जातं, तेही वारा नसताना, सरळ रेषेत. झाले २७४५ मीटर. दीड सागरी मैल म्हणजे २७७८. धावपट्टी समोर दिसतेय आणि आपण शेजारच्या शेतात! शिवाय आधी वळावं लागतं, त्यात उंची जाते ती वेगळीच.

"इंजिन बंद पडतं कुठे हो आजोबा?" शाळेच्या व्हरांड्यात वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असायच्या. आग एकदाही लागली नाही. म्हणून बादल्या काढायच्या?

दुसरी बाजू म्हणते, जवळून फेरा घेतला तर वळण तिरकं होतं आणि विमान गिरकी घेऊन कोसळतं. भीती खरी आहे. ६० अंश कललं की विमान तरंगतं ठेवणारा किमान वेग ४१ टक्क्यांनी वाढतो. पण ३० अंशांवर तो फक्त ७ टक्के वाढतो! ८० नॉट वेगाला ३० अंशांच्या वळणाची त्रिज्या ३०० मीटर. दोन वळणांना ६०० लागले, अर्ध्या मैलात ९२६ आहेत. घाई कुठे आली? वारा धावपट्टीकडे ढकलत असेल तर पाऊण मैल घ्या, तक्रार नाही. एफएएचं हँडबुकही अर्धा ते एक मैलच म्हणतं. तरीही वळण चुकलं तर कलवत बसू नये, सरळ वर जाऊन पुन्हा फेरा मारावा.

आणि कवायतीत पहिला मुलगा कोपरा सोडून गेला की मागची अख्खी रांग बाहेर जाते, तसंच आकाशात होतं. नातू विचारतो, पुढे संथ विमान असलं तर? अरे, आधी वेग कमी कर. बाजूला सरकू नकोस.