हुर्यो नेमकी कुणाची?

१३ एप्रिल २०१९ रोजी बोस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर बाल्टिमोर ओरिओल्सच्या ख्रिस डेव्हिसने एक साधा फटका मारून पहिला बेस गाठला. बेसबॉलच्या कोणत्याही सामन्यात असे फटके अनेकदा पाहायला मिळतात. तरीही डेव्हिसने तो चेंडू आठवण म्हणून मागून घेतला. सप्टेंबर २०१८ पासून सलग ५४ प्रयत्नांत त्याला एकही यशस्वी फटका मारता आला नव्हता. पिचर सोडून अन्य कोणत्याही खेळाडूच्या वाट्याला मेजर लीगमध्ये एवढे दीर्घ अपयश आलेले नव्हते. आधीचा विक्रम ४६ प्रयत्नांचा होता.

हा फटका बसला तो परक्या मैदानावर. घरच्या मैदानावर, कॅम्डेन यार्ड्सवर, हंगामाच्या आरंभीच प्रेक्षकांनी डेव्हिसची यथेच्छ हुर्यो उडवली होती. हेच प्रेक्षक २०१३ मध्ये त्याला डोक्यावर घेऊन नाचले होते. त्या वर्षी त्याने ५३ होमरन ठोकून क्लबचा विक्रम मोडला होता. सहा वर्षांत असे काय घडले, की त्याचे नाव पुकारले जाताच स्टेडियम कुरकुरू लागावे?

सरळ उत्तर पैशांचे आहे. जानेवारी २०१६ मध्ये ओरिओल्सने डेव्हिसशी सात वर्षांचा, १६ कोटी १० लाख डॉलरचा करार केला. क्लबच्या इतिहासातील तोवरचा हा सर्वांत मोठा करार होता. पहिल्या वर्षी ३८ होमरन आले, पण त्यानंतर घसरण सुरू झाली. बेसबॉलमध्ये दहा प्रयत्नांत तीनदा यशस्वी होणारा फलंदाज उत्तम समजला जातो. २०१८ मध्ये डेव्हिसची सरासरी .१६८ होती, म्हणजे शंभर प्रयत्नांत सतराही फटके नाहीत. पूर्ण हंगाम खेळलेल्या फलंदाजाची मेजर लीगमधील ही नीचांकी सरासरी. त्याच वर्षी संघ ११५ सामने हरला. तिकीट काढून येणाऱ्या बाल्टिमोरकराने संतापू नये, असे कोण म्हणेल?

राग रास्तच आहे. प्रश्न एवढाच, की तो योग्य ठिकाणी पोहोचतो का?

मेजर लीगमधील वेतनाची रीत पाहिली, की हा प्रश्न का पडतो ते समजते. खेळाडूला सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खुल्या बाजारात उतरता येत नाही. त्याची उमेदीची वर्षे त्यामुळे क्लबला स्वस्तात मिळतात. ५३ होमरनच्या वर्षी डेव्हिसचे वेतन सुमारे ३३ लाख डॉलर होते. १६ होमरनच्या २०१८ मध्ये करारातील वार्षिक रक्कम होती २ कोटी ३० लाख. जो तिशीकडे झुकतो त्याच्यासाठी बाजार खुला होतो, आणि मोबदला ठरतो मागे वळून पाहत. शिवाय येथील करार हमीचे असतात. फॉर्म गेला म्हणून पैसे कापता येत नाहीत. थोडक्यात, क्लब कालची कामगिरी विकत घेतो आणि प्रेक्षक ती उद्या मिळावी अशी अपेक्षा धरतो.

करार झाला तेव्हा डेव्हिस २९ वर्षांचा होता आणि तो संपताना ३६ वर्षांचा होणार होता. स्ट्राइकआउट होण्याचे त्याचे प्रमाण तेव्हाही मोठे होते. या डावखुऱ्याचे फटके बहुतांशी उजवीकडेच जातात हे हेरून प्रतिस्पर्धी संघ क्षेत्ररक्षकांना त्या बाजूला सरकवीत असत. ही सारी माहिती कराराच्या वेळी टेबलावर होती. डेव्हिसने समोर आलेला कागद स्वीकारला, आणि त्याच्या जागी कुणीही तेच केले असते. जोखीम पत्करली ती मालक आणि व्यवस्थापनाने. मात्र ते काचेआड बसलेले असतात आणि बॅट घेऊन प्रेक्षकांसमोर उभा असतो तो खेळाडू. राग त्याच्यावर निघतो, कारण तोच दिसतो.

मुंबईकरांना हे दृश्य अनोळखी नाही. मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन तेंडुलकर अवघी एक धाव काढून परतला, तेव्हा वानखेडेवरील काही प्रेक्षकांनी त्याचीही हुर्यो उडवली होती. त्याच मैदानावर २ एप्रिल २०११ रोजी, विश्वचषक जिंकल्यावर, सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर घेतले. यावरून ‘धीर धरा, सूर परत येतोच’ असा सोपा बोध काढण्याचा मोह होतो; तो टाळायला हवा. डेव्हिसचा सूर परतला नाही. बोस्टनच्या त्या फटक्यानंतरही २०१९ ची त्याची सरासरी .१७९ राहिली. पुढे कंबरेच्या सांध्याच्या दुखण्याने त्याला गाठले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. तात्पुरती मरगळ आणि कायमची उतरण गॅलरीतून सारखीच दिसतात. कुठली कोणती, हे फक्त नंतर कळते. मैदानात उभ्या असलेल्या खेळाडूलाही ते ठाऊक नसते.

बोस्टनच्या सामन्याच्या दिवशी एका लहान मुलाने डेव्हिसला पत्र दिले होते. माणूस म्हणून तुझी किंमत तुझ्या खेळावरून ठरत नाही, असा त्याचा आशय होता. मुलगा पाठीराखा होता प्रतिस्पर्धी रेड सॉक्सचा. त्याला हे लिहिणे सोपे गेले असेल, कारण त्याने डेव्हिसवर कोणतीही आशा लावलेली नव्हती. बाल्टिमोरच्या चाहत्याची आशा मात्र वर्षानुवर्षांची होती, आणि चिडतो तो ज्याला अपेक्षा असते तोच. ही चीड चाहत्याने गिळून टाकावी असे नाही.

तिचा पत्ता मात्र बदलायला हवा. करारातील लांबणीवर टाकलेल्या रकमेचे हप्ते डेव्हिसला २०३७ पर्यंत मिळत राहणार आहेत. ज्या फलंदाजाची हुर्यो उडवली तो केव्हाच घरी गेला. हिशेब अजून चालूच आहे. पुढच्या वेळी एखाद्या तिशीतल्या ताऱ्याशी सात वर्षांचा करार जाहीर होईल आणि गॅलरीत टाळ्यांचा कडकडाट होईल. प्रश्न विचारायचे ते त्या दिवशी. सहा वर्षांनी, पंचावन्नाव्या प्रयत्नाला उभ्या राहिलेल्या एकट्या माणसाला नव्हे.